पायावरचा थेंब

शिंक येणार असं वाटलं की ज्योत्स्ना हल्ली भिंत धरायची. तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही आणि काही झालं तरी खाली वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं. मेंदूखालच्या ग्रंथीवरची गाठ त्यांनी नाकातून दुर्बीण घालून काढली होती. त्यात कवटीच्या तळाला जे भोक पडलं, ते तिच्याच मांडीतली चरबी आणि नाकाच्या आतलं कातडं लावून बुजवलं होतं.

"ठिगळच म्हणा ना," डॉक्टर हसत म्हणाले होते. "ते धरेपर्यंत जपायचं. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपकलं तर तडक निघून या. ते मेंदूभोवतीचं पाणी असतं. वाट उघडी राहिली तर जंतू थेट आत जातात." ते हसले म्हणून मनोजही हसला. ज्योत्स्नाला काही हसू आलं नाही.

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मनोजने फोडणीच बंद करून टाकली. कांदा, मिरची, अगरबत्ती, सगळं हद्दपार. कांदा पिकवणाऱ्या चांदवडच्या माणसाने घरातून कांदा हाकलावा म्हणजे कमालच झाली, पण बायकोच्या शिंकेने बिचाऱ्याची झोप उडवली होती.

त्याला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. परवापासून ज्योत्स्नाच्या घशात काहीतरी खारट उतरत होतं. सकाळी उशीवर ओल दिसे. तिने अभ्रा बदलला आणि स्वतःला सांगितलं, सर्दी आहे. वर्गातल्या पोरांची नाकं पुसण्यात जिची नोकरीची वर्षं गेली, तिला सर्दी कशी असते हे काय कोणी सांगायला हवं होतं? पण पुन्हा ते टेबल, पुन्हा ती भूल, जाग आल्यावर नाकात कोंबलेले बोळे आणि तोंडाने ओढलेला एकेक श्वास! सांगितलं की खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

रविवारी सकाळी भिमाबाई आल्या. या मनोजच्या आत्या. त्याची आई गेल्यावर यांनीच त्याला लहानाचा मोठा केला.

"कांदा नाय आनला बरं," त्या दारातूनच म्हणाल्या. "यानी फोनवर दम दिलाय मला."

"जयभीम, आत्या," म्हणत ज्योत्स्ना पुढे झाली आणि सवयीने वाकली. लग्न झाल्यापासून या पायांपुढे ती वाकत आली होती. हात खाली गेले तेव्हा डॉक्टर कुठले आठवायला! भिमाबाई "अगं, अगं" करत मागे सरल्या, पण उशीर झाला होता. त्यांच्या पायाच्या बोटांवर एक थेंब पडला. मागोमाग दुसरा.

"रडू नको गं बाय." भिमाबाईंनी तिला खांद्याला धरून उभी केली. "एवढ्यातून निभावली तू. आता कशाला रडती?"

"तुला बघून भरून आलं तिला, आत्या," मनोज म्हणाला आणि चहा ठेवायला वळला.

ज्योत्स्नाने डोळ्यांना हात लावला. डोळे ठणठणीत कोरडे होते. पाणी वरच्या ओठावर होतं, पातळ आणि खारट. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आपण काही बोललो नाही तरी चालणार आहे. रडण्याचं निमित्त आयतंच मिळालंय. ओढणीने पुसायचं, आत्यांशेजारी बसायचं, चहा प्यायचा. उद्या सांगू. कदाचित आपोआप थांबेलही. तिने ओढणीचं टोक ओठाला लावलंसुद्धा.

ते लगेच ओलं झालं.

"मनोज," तिने हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी रडत नाहीये."

तो पातेलं हातात घेऊनच बाहेर आला. त्याची नजर तिच्या डोळ्यांकडे गेली, मग ओठाकडे. त्याचा चेहरा उतरला.

"कधीपासून?"

"परवापासून. डॉक्टर पुन्हा नाकातून आत जातील रे. मला फार भीती वाटते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पातेलं तिथेच जमिनीवर ठेवलं आणि गाडीची चावी घेतली.

मागच्या सीटवर भिमाबाई तिला टेकून बसल्या. तिच्या नाकाखाली त्यांनी स्वतःचा रुमाल धरला होता. गाडी सोसायटीच्या बाहेर पडली आणि ज्योत्स्नाला इतक्या दिवसांचं रडू फुटलं. हुंदक्यासरशी तिची मान खाली जाऊ लागली. भिमाबाईंनी तिची हनुवटी तळहातावर घट्ट पेलून धरली.

"रड बाय," त्या म्हणाल्या. "पन मान वर ठिवून रड."