स्टुलावरची कवळी

"ते घड्याळ काढ आधी," सर तिच्या खुर्चीमागून वाकून म्हणाले. "एवढा समुद्र, एवढी जुनी होडी आणि कोळ्याच्या मनगटावर प्लॅस्टिकचं घड्याळ! सगळी मजा घालवतंय."

सरांच्या तोंडाचा कॉफीचा वास तिच्या कानाशी आला. तिने मान थोडी बाजूला घेतली आणि पडद्यावरच्या फोटोतलं कोळ्याचं घड्याळ पुसलं. त्या जागी त्याच्याच दुसऱ्या हाताची कातडी आणून चिकटवली.

"सुरकुत्या?" तिने विचारलं.

"वाढव की. मीठ दिसलं पाहिजे चेहऱ्यावर."

स्टुडिओत तिला सगळे 'खोडरबर' म्हणत. सर जगभर फिरत. वाळवंटं, बर्फ, जंगलं, कुठल्या कुठल्या टोकाची माणसं. ते जे टिपून आणत ते शेवटी तिच्या टेबलावर येई. तिने स्वतः कधी समुद्र ओलांडला नव्हता, पण सिंहिणीभोवती दाटीवाटीने उभ्या असलेल्या जीपगाड्या तिनेच पुसल्या होत्या. बिबट्याच्या गळ्यातला वनखात्याचा पट्टा तिनेच काढला होता. मेंढपाळ बायकांच्या हातातले मोबाइलही तिनेच गायब केले होते. सुरुवातीला या कामाचं तिला भारी अप्रूप वाटायचं. संध्याकाळी घरी गेलं की ती वडिलांना सांगायची, "बाबा, आज मी वाळवंटात होते." मग हळूहळू सांगणं बंद झालं. लोकांचे चष्मे, पायातले बूट, जखमांवरच्या पट्ट्या पुसता पुसता तिला आपल्याच बोटांचा वीट यायला लागला. डबा उघडला की आधी हात धुवावेसे वाटायचे, धुऊन आल्यावरही घास गोड लागायचा नाही.

पण सर माणूस म्हणून वाईट नव्हते. कधी आवाज चढवत नसत. बाबा आजारी पडले तेव्हा त्यांनी कपाळावर आठी न घालता रजा दिली होती. तेवढं आठवायचं आणि पुढचा फोटो उघडायचा, असं तिचं चाललं होतं.

बाबांनी जन्मभर बस चालवली. गाडी डेपोत लावल्यावरही कॉलरचं बटण उघडायचं नाही, असा माणूस. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, तरी सकाळी दाढी, भांग आणि इस्त्रीचा शर्ट चुकला नव्हता. आणि कवळी. कवळी तोंडात बसल्याशिवाय ते दूधवाल्यालाही "ये" म्हणत नसत. आई होती तेव्हा चिडवायची, "माझ्याआधी ती सवत उठून बसते तुमच्या तोंडात." आई गेल्यावर तो विनोद करणारं कोणी उरलं नाही, पण कवळीचा वाडगा तेवढ्याच निगुतीने रोज स्टुलावर ठेवला जाई.

त्या रजेच्या दिवसांत सर एका दुपारी फळं घेऊन घरी आले. बाबांचा डोळा लागला होता. उकाड्यामुळे शर्ट काढून ठेवलेला, कवळी वाडग्यात. खिडकीतून तिरपं ऊन थेट त्यांच्या छातीवर पडलं होतं. सर दारातच थबकले.

"काय सुंदर प्रकाश आहे गं तुमच्याकडे!" ते म्हणाले. "तू चहा टाक, मी बसतो बाबांपाशी."

तिने चहा टाकला. दूध उतू गेलं, ते पुसण्यात थोडा वेळ गेला. कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा सर कॅमेरा बॅगेत भरत होते. बाबा जागे होते, पण भिंतीकडे तोंड करून पडले होते. डाव्या हाताने त्यांनी चादर ओठांपर्यंत ओढून घेतली होती.

"सवय गं," सर हसले. "हात शिवशिवतात."

बाबांनी चहाला हात लावला नाही. दमले असतील, असं तिला वाटलं.

पुढे प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. एका सकाळी सर तिच्या टेबलाशी आले. चेहरा एखाद्या लहान मुलासारखा खुललेला.

"सरप्राइज आहे तुझ्यासाठी. शेवटचा फोल्डर उघड."

तिने उघडला. पडद्यावर तिचंच घर आलं. पहिल्या फोटोत बाबा झोपलेले. दुसऱ्यात डोळे उघडलेले, कॅमेऱ्याकडे दचकून बघणारे. तिसऱ्यात डावा हात स्टुलाकडे निघालेला. स्टुलावर वाडगा, वाडग्यात कवळी. चौथ्यात स्टूल नाही. ती पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. तिसऱ्यात स्टूल होतं, चौथ्यात नव्हतं. चौकटीच्या कडेला सरांच्या बुटाचं टोक तेवढं आलं होतं. त्यापुढच्या सगळ्या फोटोंत बाबांचा हात हवेत चाचपडत होता. ओठ आत गेलेले, गाल खोलगट आणि बोटं पसरलेली. जे चित्र निवडलं होतं त्यावर सरांनी लाल खूण केली होती. खाली नाव होतं: 'याचना'.

"भिंतीवरचा स्विचबोर्ड काढ," सर सांगत होते. "भिंत मातीची कर. बाबांची कातडी अजून कोरडी पाहिजे. हा आपल्या दुष्काळाच्या मालिकेत फिट बसतोय, त्या लांबच्या देशातल्या फोटोंच्या शेजारी. कोणाला कळणारसुद्धा नाही!"

तिने तिसरा फोटो पुन्हा पडद्यावर आणला.

"स्टूल तुम्ही सरकवलंत?"

"कुठलं स्टूल?"

"वाडगा होता त्यावर."

"अच्छा, ते होय. मध्ये येत होतं गं."

"ते कवळी मागत होते, सर. भीक नव्हते मागत."

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मुलगी आहेस त्यांची, तुला तसंच दिसणार. बघणाऱ्याला काय दिसतं ते महत्त्वाचं. अमर होतील तुझे बाबा."

खांद्यावरचा तो हात उबदार होता, आणि त्याचीच तिला जास्त किळस आली.

"मी हे करणार नाही," ती म्हणाली.

"हरकत नाही. समजू शकतो मी. दुसऱ्याकडून करून घेतो."

सरांचा आवाज तेव्हाही चढला नाही. ती मात्र सकाळी नेहमीच्या वेळेला येत राहिली, कारण घरी औषधं लागत होती आणि दुसरी नोकरी हातात नव्हती. दिवसभर ती त्या दुष्काळाच्या मालिकेतल्या बाकीच्या माणसांकडे बघायची. एका बाईचा हात असाच पुढे आलेला होता. ती काय मागत असेल? चष्मा? तान्हं मूल? की फक्त थांब म्हणत असेल? तिच्याही बाजूचं काहीतरी खोडल्याचं हिला आठवत होतं. काय खोडलं ते मात्र आठवेना.

एका संध्याकाळी तिने बाबांना विचारलं, "त्या दिवशी सरांनी तुमचा फोटो काढला, तेव्हा तुम्ही ओरडला का नाहीत?"

झटक्यापासून बाबांची जीभ जड झाली होती. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा. "म्हटलं होतं मी... थांबा म्हणून. दोनदा म्हटलं."

"मग मला हाक मारायची ना!"

"तुझा साहेब तो. तुझी नोकरी आहे पोरी तिथं."

ती उठून आत गेली. बराच वेळ नळ चालू ठेवून नुसती उभी राहिली.

बाहेर आल्यावर तिने सगळं सांगितलं. नाव सांगितलं, मातीची भिंत सांगितली. बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बघायला जाऊ."

"बाबा, कशाला तो मनस्ताप?"

"माझा आहे ना फोटो? मग मला बघू दे."

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तिने त्यांना टॅक्सीने नेलं. निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, ओला करून पाडलेला भांग, तोंडात कवळी. एका बाजूने काठी, दुसऱ्या बाजूने ती. हॉल थंडगार होता. पेंग्विनांपाशी गर्दी होती, वाघापाशी त्याहून जास्त. 'याचना' सगळ्यात आतल्या भिंतीवर, माणसाच्या उंचीचं करून लावलं होतं. भिंत मातीची झाली होती. बाबांच्या फासळ्या कोणीतरी इतक्या हौसेने कोरल्या होत्या की त्या मोजता आल्या असत्या. खाली पाटीवर लिहिलं होतं, 'या प्रदेशात कित्येक वर्षं पाऊस पडलेला नाही.'

मोत्यांची माळ घातलेली एक बाई डोळे टिपत उभी होती. "बिचारा," ती शेजारणीला म्हणाली, "आता जिवंत तरी असेल का?"

"आहे," बाबा म्हणाले. "मीच तो."

बाईने वळून पाहिलं. शर्ट पाहिला, भांग पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरची सगळी दया एकदम कुठेतरी निघून गेली. एखाद्याने फसवल्यासारखी ती बाबांकडे बघायला लागली.

"मी बस चालवायचो," बाबा एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाले. "पाऊस पडतो आमच्याकडे. मी दात मागत होतो, बाई."

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. सर हातातला ग्लास सांभाळत लगबगीने आले.

"बाबा! तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"थांबा म्हटलं होतं मी तुम्हाला. ऐकू नसेल आलं."

सर हसले, पण ते हसू ओठांवरच अडकलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आपण उद्या ऑफिसात बोलू."

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली. "परवाही नाही."

आता लोक सावरले होते. कोणीतरी आधी मोबाइल उचलला, मग आणखी कोणी. बघता बघता अर्ध्या हॉलने हात वर केले. फोटोतला म्हातारा आणि फोटोबाहेरचा म्हातारा, दोघं एका चौकटीत हवे होते त्यांना. "आजोबा, जरा डावीकडे सरका ना," कोणीतरी गोड आवाजात म्हणालं. "हात तसाच करा ना एकदा, फोटोतल्यासारखा."

तिने बाबांचा दंड धरला आणि वाट काढली. कोणाला कोपर लागलं, कोणाचा ग्लास सांडला, तिने मागे पाहिलं नाही. पाठीमागे टिकटिक चालूच होती. धक्क्यांच्या, अत्तराच्या आणि वाईनच्या त्या दाटीतून बाहेर पडेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता.

पायऱ्या उतरल्यावर बाबा काठीवर रेलले. टॅक्सी येईपर्यंत उभं राहणं त्यांना जमलं नसतं, आणि बसायला आसपास काहीच नव्हतं. फाटकापाशी बसलेल्या पहारेकऱ्याने एवढंच पाहिलं. काही न बोलता तो उठला, आपली खुर्ची उचलून घेऊन आला, झाडाच्या सावलीत ठेवली. ती डुगडुगत होती म्हणून एका पायाखाली त्याने सपाट दगड सरकवला. बाबा बसले. पहारेकऱ्याने मान लववली आणि आपल्या जागी जाऊन रस्त्याकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

टॅक्सीला बराच उशीर झाला. तोवर तो तसाच उभा होता. एकदाही त्याने मागे वळून पाहिलं नाही.