पान उलटायचं राहिलं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, कोपरे झिजलेली. सध्या मी एका शिलाई मशीनच्या फळीवर पडून असते आणि माझ्या छातीवर कात्री ठेवलेली असते. कात्रीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार माणसांबद्दल आहे, आणि ती मी आज मन मोकळं करून सांगणार आहे.

एका छोट्या दुकानात बाइंडरने मला दोऱ्याने शिवलं, पाठीला कापडी पट्टी चिकटवली आणि प्रत्येक पानावर आकडा छापला. माझ्या बहिणी गोदामांत आणि दवाखान्यांत गेल्या. मला मात्र आत्याने उचललं.

आत्या म्हणजे टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर. तीस वर्षं तिने अनोळखी माणसांचे फोन जोडून दिले. "ऐकण्यातच माझा जन्म गेला, म्हणून ऐकीव गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही," असं ती म्हणायची. निवृत्तीनंतर तिला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचं वेड लागलं. त्याचे बारा धडे इंटरनेटवर होते, तेही अगदी फुकट. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती शाळकरी मुलीसारखी मांडी ठोकून बसायची. घरचे हसायचे. पुतण्या म्हणायचा, "आत्या, फुकट ते पौष्टिक म्हणून काहीही बघत बसू नकोस. त्यात काही दम असता, तर फुकट दिलं असतं का?"

धड्यांतल्या शिक्षिकेचा एक नियम होता. ऐकलेलं शिसपेन्सिलीने लिहायचं आणि कागदपत्रात डोळ्यांनी पाहिलेलं शाईने. लिहिलेलं खोडायचं नाही. खरं सापडलं की पुढे लिहायचं, म्हणजे शोध कसा लागला तेही कळतं. आत्याने तो नियम कधी मोडला नाही. तिचा हात माझ्या पानांवरून फिरायचा तेव्हा मला माझाच हेवा वाटायचा.

आत्याचे धाकटे काका घड्याळजी होते. एक दिवस ते दुकानातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत, आणि त्याच रात्री दुकान फुटलं. घरच्यांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला! काकाच चोर ठरले. त्यांची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. आज तिने सत्तरी ओलांडली आहे, शिवणकाम करून ती एकटी राहते, पण नात्यात सगळे तिला अजून छकुलीच म्हणतात. पाठीमागे मात्र 'चोराची पोर' म्हणतात. माझ्या सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी आत्याने शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, 'धाकटे काका घड्याळं चोरून पळाले, असं म्हणतात.'

पाचव्या धड्यात जुन्या इस्पितळांच्या नोंदवह्या शोधायला शिकवलं होतं. नाव सापडत नसेल तर तारखेवरून शोधा, असं शिक्षिका म्हणाली होती. आत्या तीन महिने त्या नोंदी चाळत राहिली. एका सकाळी तिने टेबलावर अशी थाप मारली की चहा माझ्यावर सांडला. तो डाग अजून आहे. नोंद काका गेले त्याच दिवसाची, दुकान फुटण्याआधीची, भर दुपारची होती. रस्त्यावर गाडीने उडवलेला बेशुद्ध माणूस, नाव माहीत नाही, खिशात घड्याळजीचं भिंग, उजव्या हाताला सहा बोटं. काकांना सहा बोटं होती, घरच्या फोटोत ती स्पष्ट दिसतात. तिसऱ्या दिवशी तो माणूस वारला. न्यायला कोणी आलं नाही.

आत्याने पान उलटलं आणि अठ्ठेचाळिसाव्या पानावर हे सगळं शाईने लिहिलं. लिहिताना ती रडत होती. "छकुलीला फोनवर नाही सांगायचं," ती मला म्हणाली. "घराण्याच्या मेळाव्यात, सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं."

मेळाव्याच्या आठ दिवस आधी ती न्हाणीघरात घसरली आणि तिचा पाय मोडला. तिने मला पुतण्याच्या हाती सोपवलं. "एकही पान सोडू नकोस रे. शेवटपर्यंत वाच."

"अगं, मीपण केलेत ते धडे," तो म्हणाला.

त्याने बारांपैकी दोनच धडे पाहिले होते, पहिला आणि शेवटचा. शेवटच्या धड्यात घराण्याचा तक्ता कसा बनवायचा ते होतं. नावांची यादी सत्तेचाळिसाव्या पानावर संपली, तसं त्याने मला मिटलं. तक्त्यात पेन्सिल कुठली आणि शाई कुठली! सगळी अक्षरं सारखीच ठळक. काकांच्या चौकटीत जागा पुरेना, म्हणून त्याने 'असं म्हणतात' हे दोन शब्द काढून टाकले.

मेळाव्यात प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवर थोडं खाली येत होतं. पुतण्याने मला प्रोजेक्टरखाली सरकवलं. मित्रांनो, माझ्या पोटात खरं होतं, पाठीवर ते तापलेलं यंत्र होतं, आणि समोरच्या भिंतीवर भलं मोठं खोटं झळकत होतं. 'घड्याळं चोरून पळाले.'

स्वतः शिवलेलं नवं पोलकं घालून आलेली छकुली उठून उभी राहिली. "हे कुठून आणलंस?"

"आत्याच्या वहीतून. तिच्याच अक्षरात आहे."

"तिनेही तेच लिहिलं?" एवढंच बोलून ती निघून गेली. माझ्याच ओळीने तिचा केसाने गळा कापला होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

आत्याला कळलं तेव्हा पुतण्या म्हणाला, "चूक झाली, बदलून टाकतो." पण तोवर तो तक्ता दहा घरांत पोहोचला होता. आत्या रोज फोन करायची. जन्मभर जगाचे फोन जोडणाऱ्या बाईचा एक फोन लागेना. प्लास्टर निघताच ती काठी टेकत छकुलीच्या दारात आली. "छकुली, काका चोर नव्हते गं!" आतून मशीनची खडखड सुरू झाली आणि वाढतच गेली. शेवटी आत्याने मला खिडकीच्या गजांतून आत सरकवलं आणि ती गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. मला फेकलं नाही, हेच नशीब. पण परवा छकुलीने कात्री बाजूला केली, चष्मा लावला आणि मला उघडलं. एकेक पान ती बोटाने सावकाश वाचत गेली. चाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस. माझा दोरा ताणला गेला. तळाची ती शिसपेन्सिलीची ओळ तिने दोनदा वाचली, 'असं म्हणतात' सुद्धा वाचलं. मग तिने मला मिटलं आणि कात्री परत जागेवर ठेवली.

मित्रांनो, फुकट मिळालं म्हणून कुठलाही धडा अर्धा सोडू नका. ऐकीव गोष्टीला शाई लावू नका. आणि कुणाच्याही बापाबद्दलचं पान हातात आलं तर ते मिटण्याआधी उलटून बघा. छकुलीचा बाप तिच्यापासून फक्त एका पानावर आहे.