डिस्चार्ज बुकातली विमल

मित्रांनो, मी एक जुने डिस्चार्ज बुक आहे. सैनिक फौज सोडून घरी निघतो, तेव्हा त्याची सगळी नोकरी एका लहानशा पुस्तकात लिहून देतात, ते मी. माझा जन्म १९७२ सालचा. धायरीच्या बजरंग पोकळ्यांचा डावा पाय युद्धात सुरुंगाने गेला होता. कुबड्या सावरत ते कारकुनापुढे उभे होते.

"बायकोचे नाव?"

"विमल," ते म्हणाले आणि उगाचच लाजले.

पुढे त्यांना कृत्रिम पाय मिळाला, पेन्शन मिळाली, मुलीला शिष्यवृत्तीही मिळाली. दर वेळी मला पेटीतून काढत, फुंकर मारून पुसत. नंतर मात्र कोणी काढेना. कसरीने माझे कोपरे खाल्ले.

गेल्या वर्षी बजरंग वारले. त्यांच्या पत्नी तुळजाबाई मला पदराखाली धरून कुटुंब पेन्शनच्या अर्जासाठी एका कचेरीत गेल्या. कारकुनाने पान उलटले. "आजी, इथे पत्नीचे नाव विमल आहे. तुम्ही तुळजाबाई. मग ही विमल कोण?"

रांगेतले मागचे दोघे-तिघे हसले. तुळजाबाईंनी मला उचलले, पुन्हा पदराखाली घेतले आणि त्या तशाच घरी आल्या. पेन्शन अडकली. मुलगी मुक्ताईसुद्धा चाचरत म्हणाली, "आई, बाबांची दुसरी कोणी...?"

शेवटी मुक्ताईच त्यांना सैनिक कल्याण कार्यालयातल्या मोफत कायदेशीर मदतीच्या टेबलापाशी घेऊन गेली. माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी आता तिथे वकील बसतात. वकील दीक्षाताईंनी आधी खुर्ची दिली, पाणी दिले, मग विचारले, "आजी, विमल कोण?"

"मीच हाय. म्हायेरचं नाव. लग्नात सासऱ्यांनी तुळजा ठेवलं. ह्यांना विमलच आवडायचं, पण मोठ्यांपुढं कसं म्हणणार? दोघंच असलो की म्हणायचे."

"मग कचेरीत का नाही सांगितलंत?"

"लोक हसत हुते, बाई. त्यांच्यापुढं सांगायचं नाव नव्हतं ते."

मुक्ताई खाली मान घालून रडू लागली.

माहेरच्या शाळेतून दाखला आणला, प्रतिज्ञापत्र झाले. चार महिन्यांनी मंजुरीचे पत्र आले. त्यावर लिहिले होते: विमल ऊर्फ तुळजाबाई बजरंग पोकळे.

मित्रांनो, सैनिकाच्या घरचे कागद कसरीपासून जपा. आणि एखाद्या कागदावरचे नाव जुळले नाही, तर हसू नका. समोरच्या माणसाला बसायला खुर्ची द्या, हळू आवाजात विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.