मिरचीचे शेंडे

तिने खाली वाकून खुडलेला शेंडा उचलला. त्याला पांढरी कळी होती. गच्चीच्या कोपऱ्यात अशा शेंड्यांचा झाडून नीट ढीग लावलेला होता आणि ढोबळी मिरचीची सगळी रोपं बोडकी उभी होती.

"कुणी केलं हे?"

विचारायचं म्हणून विचारलं. इतका नीटनेटका ढीग लावणारा माणूस घरात एकच होता. टाकीमागून नवरा कात्री पुसत आला.

"काल व्हिडिओ पाहिला. बगलेतले फुटवे काढले की झाडाची ताकद वाया जात नाही. तू नुसतीच वाढू देतेस."

"ते टोमॅटोचं. टोमॅटोचे मी काढतेच. मिरचीला त्या फुटव्यांवरच तर फळ धरतं!"

"अगं, झाड ते झाड."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून या माणसाने घर हाताखाली घेतलं होतं. भांडी उंचीप्रमाणे लावून झाली, सुनेला कपडे वाळत घालायला शिकवून झालं. ती मूग गिळून बसली होती, कारण स्वयंपाकघर तिचं असं कधी नव्हतंच. आधी ते सासूचं होतं, आता सुनेचं. गच्ची मात्र तिची होती. रंगाच्या रिकाम्या डब्यांत तिने पहिली रोपं लावली तेव्हा तो "कसला हा पसारा" म्हणून जो खाली गेला, तो पुन्हा वर फिरकला नव्हता. तिला ते बरंच वाटलं होतं.

ओल्या कपड्यांची बादली घेऊन सून वर आली. तिने एका नजरेत सगळं ओळखलं.

"जाऊ द्या ना, आई. बाबांचा वेळ जात नाही. हौसेने केलं त्यांनी."

"त्यांची हौस माझ्या झाडांवर कशाला?" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमच्या कारखान्यात न विचारता कुणी मशीनला हात लावला असता तर?"

"हाकलून दिला असता," तो सवयीने म्हणाला.

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. सून बादलीतले कपडे उगाचच पिळू लागली.

"मग व्हा खाली," ती म्हणाली.

तो कात्री घेऊन खाली गेला. संध्याकाळी ती टोमॅटोची फांदी काठीला बांधत असताना जिन्याच्या दारात खाकरल्याचा आवाज आला. तो उंबऱ्याबाहेर उभा होता. हात रिकामे होते.

"येऊ का आत?"

सगळ्या संसारात त्याने हे कुठल्याच दारात विचारलं नव्हतं. आपला राग आता विरघळेल असं तिला वाटलं. तिने क्षणभर वाट पाहिली. राग होता तिथेच होता. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची वेळही तिच्यावर कधी आली नव्हती.

"नको," ती म्हणाली.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. तिने दोरीची गाठ घट्ट केली आणि पुढच्या रोपाकडे वळली.