दहा मिनिटांचं भाषण

दादा गेले त्याच्या चौथ्या दिवशी खासदारांच्या पीएचा वहिनींना फोन आला.

"वहिनी, रविवारचं भाषण पाठवाल ना? साहेबांना दहा मिनिटं बोलायचंय."

"रविवारी काय आहे?"

"शोकसभा आहे की. आपल्या दादांची."

आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं असावं. तो घाईघाईने म्हणाला, "शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळालं तरी चालेल."

गेलेल्या माणसाच्या घरूनच त्याच्या शोकसभेचं भाषण मागवायचं, हे दुसऱ्या कुठल्या ऑफिसात कोणाच्या मनातही आलं नसतं. पण त्या बिचाऱ्याला तरी काय बोलायचं? तीस वर्षं भाषण याच घरून जात होतं. कोण मेलं, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

वहिनी दादांशी लग्न करून आल्या तेव्हा खासदारसाहेब, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, दारोदार फिरून शिवणयंत्रं विकायचे. जीभ अशी गोड, की सुई घ्यायला दार उघडलेली बाई मशीन घेऊन बसायची. दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि घरी आल्यावर मुकाट बसायचं, असा माणूस. पक्षाने धाकट्याला पहिल्यांदा तिकीट दिलं ते पडण्यासाठीच, दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. पहिल्या सभेत भाऊजी उभे राहिले आणि त्यांची बोबडी वळली. मशीन विकता येत होतं, पण समोर विकायला मशीन नव्हतं. त्या आठवड्यात दादांनी मुद्रितांच्या कोऱ्या पाठींवर चार पानं लिहून दिली, भाऊजींनी ती वाचली, आणि निवडणूक जिंकली. पुढे आणखी पाच जिंकल्या.

काम ठरून गेलेलं होतं. पीए विषय आणि मिनिटं कळवायचा. दादा लिहायचे, आणि ओळींमध्ये लाल पेन्सिलीने रेघा मारायचे: एक रेघ म्हणजे थांबा, दोन रेघा म्हणजे पाणी प्या. भाऊजी भाषण आधी कधीच वाचायचे नाहीत. आधी वाचलं की शिळं होतं, म्हणायचे. उभे राहिले की थेट कागद उघडायचे, आणि लोकांना वाटायचं, माणूस आत्ता या क्षणी मनातलं बोलतोय. खाणीत गाडल्या गेलेल्या कामगारांवर ते सभागृहात बोलले, तेव्हा विरोधी बाकांवरची माणसं रुमाल काढून बसली होती. ते भाषण शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून आलं, वर खासदारसाहेबांचा फोटो.

गेल्या वर्षी दादांचा हात थरथरायला लागला. मग ते सांगायचे आणि वहिनी लिहून घ्यायच्या, रेघांसकट. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात दादा एकदाच म्हणाले, "त्या धड्याखाली कुठेतरी बारीक टाइपात माझं नाव असतं, तर बरं वाटलं असतं." आणि लगेच, भलतंच काही मागितल्यासारखं, कूस बदलून पडले.

वहिनींच्या मनात ते रुतून बसलं. दादांना नेल्यावर त्यांनी भाऊजींना बाजूला घेतलं आणि सांगितलं. भाऊजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "वहिनी, हे तुम्ही सांगायला हवं का? शोकसभेत सगळ्यांसमोर सांगणार मी. माझा शब्द आहे."

त्यामुळे पीएचा फोन ठेवल्यावर वहिनींना आधी संताप आला आणि मग वाटलं, ठीक आहे. त्यांनी शब्द दिलाय, आपण तो लिहून देऊ. शुक्रवारी दुपारी जेवणाची भांडी आवरून त्या दादांच्या टेबलाशी बसल्या. पहिल्या पानावर दादांचं बालपण, दुसऱ्यावर छापखाना. तिसऱ्या पानाच्या पहिल्याच ओळीपासून त्यांनी लिहिलं: 'तीस वर्षं तुम्ही माझ्या तोंडून जे ऐकलंत, ते माझ्या भावाने लिहिलेलं होतं. खाणीतल्या माणसांवरचं भाषणसुद्धा. मी फक्त वाचून दाखवलं.' भाऊजींचा धीर ऐन वेळी सुटला, तर पान उलटल्यावर माघार घ्यायला जागा राहू नये, असा त्यांचा हिशेब होता. या ओळींमध्ये त्यांनी एकही रेघ मारली नाही. थांबू नये म्हणून.

रविवारी सभागृह भरलं होतं. वहिनी पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी महिला आघाडीच्या अध्यक्षीणबाई, हातात रुमाल तयार. भाऊजींनी कागद उघडला. बालपण झालं. छापखाना झाला. 'दुसऱ्याची चूक दिसली की तो गुपचूप दुरुस्त करायचा आणि कोणाला सांगायचा नाही,' या वाक्याला मागे कोणीतरी हुंदका दिला. भाऊजींनी पान उलटलं.

"तीस वर्षं तुम्ही माझ्या तोंडून जे ऐकलंत, ते..."

कागद वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचे डोळे तोंडाच्या एक ओळ पुढे असतात. हे वहिनींच्या लक्षातच आलं नव्हतं.

भाऊजी थांबले. त्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी तिन्ही पानांची घडी घातली, खिशात ठेवली आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "माफ करा. पुढचं मला नाही वाचवत."

अख्खं सभागृह रडलं. समोर वाकलेल्या फोटोग्राफरनेसुद्धा नाक ओढलं. अध्यक्षीणबाईंनी वहिनींचा हात दाबला. "भावावर काय जीव हो यांचा. असा दीर मिळायला भाग्य लागतं."

वहिनींना तिथेच उठून ओरडावंसं वाटत होतं. पण बाई शोकसभेत ओरडली, तर लोक तिला पाणी पाजतात, तिचं ऐकत नाहीत. त्या बसून राहिल्या.

गर्दी पांगली. माइकवाला वायरी गुंडाळायला लागला. भाऊजी येऊन शेजारच्या खुर्चीत बसले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हुबेहूब दादाचं वाटलं. रेघासुद्धा तशाच." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि वहिनींना राग चालला असता.

"तुम्ही शब्द दिला होता, भाऊजी."

"दिला होता. पण निवडणूक सहा महिन्यांवर आलीय, वहिनी. माणसं टपून बसलीयत. आत्ता हे बोललो असतो तर उद्या माझी शोभा. दादाला तरी आवडलं असतं का?"

"मग आता वाचा."

"आता? इथे कोण आहे?"

"मी आहे. मला ऐकायचंय."

भाऊजींनी माइकवाल्याकडे पाहिलं. तो वायरी घेऊन बाहेर गेला. मग त्यांनी घडी उलगडली, चष्मा चढवला, घसा साफ केला आणि वाचलं. तीस वर्षं, भाऊ, खाणीतली माणसं, सगळं. शेवटचं वाक्य त्यांनी आवाज उतरवून असं काही म्हटलं, की एखाद्याला वाटावं, याच्या काळजाला घरं पडलीयत. रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांनी सवयीने डावीकडून उजवीकडे नजरही फिरवली. खाणीचं भाषण त्यांनी असंच वाचलं होतं. रस्त्यांचं, करांचं, परदेशी पाहुण्यांच्या स्वागताचंही असंच. वहिनींना हवं होतं ते शब्दन् शब्द त्यांच्या कानावर पडलं, आणि त्यातला एकही शब्द त्या माणसाला शिवला नव्हता. आपण उगाच ऐकलं, असं त्यांना झालं.

"झालं ना मनासारखं?" भाऊजींनी चष्मा खिशात ठेवला. "आता एक ऐका. मंगळवारपासून अधिवेशन आहे. पहिल्याच दिवशी मला वीस मिनिटं मिळालीयत. तुमचा हात चांगला बसलाय, बाहेरचा माणूस कशाला शोधायचा? पीए विषय कळवेल."

वहिनींनी त्यांच्या हातातली पानं काढून घेतली आणि उठल्या.

"मी एक ओळसुद्धा लिहिणार नाही. मंगळवारी उभे राहा आणि सांगा सगळ्यांना. माझा लिहिणारा गेला, आता माझ्याकडे एकही शब्द नाही."

भाऊजींनी मान किंचित कलती केली. ओठातल्या ओठात त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या पीएला त्यांनी हाताने जवळ बोलावलं.

"लिहून घे. 'माझा भाऊ गेला, आता माझ्याकडे एकही शब्द नाही.' मंगळवारची सुरुवात यानेच करू."