वजदीनं बसवलेलं बूच

"उस्ता, माझ्या बायकोला तेवढं समजावून सांगा," मनौवर मला त्याच्या घराच्या फाटकातच म्हणाला. तेलाच्या घाण्यावर रात्रपाळी करून आला होता. अंगाला ऑलिव्हच्या चोथ्याचा वास येत होता. "मी बोललो की भांडण होतं."

"काय समजावू?"

"की ती गाडी मेलीय."

बोलून गेला खरा. त्या घरात दोन हिवाळे तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.

वजदी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा विद्यार्थी. स्फाक्स बंदरातल्या कारागीर शाळेत मी आयुष्यभर पोरांना इंजिनं शिकवली, म्हणून सगळे मला उस्ता म्हणतात. त्यातली बरीच पोरं 'कसं' विचारायची, वजदी 'का' विचारायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी, एका संध्याकाळी, तो चहा प्यायला जातो म्हणून घराबाहेर पडला आणि माणसं चोरून समुद्रापलीकडे नेणाऱ्या होडीत बसला. ती होडी पलीकडे पोचली नाही. मागेही आली नाही. त्याच्या आईनं, नझीहानं, सरकारी दवाखान्यात जाऊन आपली लाळ दिली. कुठल्या किनाऱ्यावर कुणी सापडलंच, तर जुळवून बघता यावं म्हणून. अजून काही जुळलेलं नाही.

त्याची चारशे चार बदामाच्या झाडाखाली तशीच उभी होती. जुनी पेजो, मागे उघडा हौदा असलेली. बॉनेट वर होतं आणि नझीहा बाह्या सरसावून इंजिनात डोकावत होती.

"आलात? त्यांनी पाठवलंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. "शुक्रवारच्या नमाजानंतर बुराउई भंगारवाला येणार आहे. त्याच्या आधी चालू झाली तर गाडी राहील, नाही तर जाईल. असं ठरलंय आमचं. तुम्ही मला शिकवायचं. हात लावायचा नाही."

"माझे गुडघे तसंही लावू देणार नाहीत, पोरी. सरक जरा, बघू दे."

वजदीनं काम अर्ध्यावर सोडलं होतं. ते काम कसलं, ते मी तिला पोरांना सांगायचो तसंच सांगितलं. इंजिनाचा ठोकळा ओततात तेव्हा त्याच्या पोटात पाण्याला वाटा राहाव्यात म्हणून वाळूचा गाभा ठेवतात. लोखंड निवलं की ती वाळू बाजूच्या भोकांतून काढून टाकतात आणि भोकांत पत्र्याची, वाटीसारखी बुचं ठोकून बसवतात. ठोकळा माणसापेक्षा जास्त टिकतो. बूच मात्र आतून गंजत जातं. बाहेरून धड दिसतं, आणि एक दिवस त्याच्या कडेनं तपकिरी ओघळ येतो.

"आणि गंजतं कशानं?" मी विचारलं.

"खाऱ्या पाण्यानं." तिनं मान घराकडे वळवून आवाज चढवला. "विहिरीचं पाणी भरायचे ना आमचे साहेब!"

"मग काय पिण्याचं पाजायचं गाडीला?" आतून मनौवर ओरडला. "तिला काय कळतंय गोड न् खारट!"

"तिला कळलं. तुम्हालाच नाही कळलं."

आमच्याकडच्या विहिरी खारट. पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात साठवायचं आणि ते पिण्यापुरतंच वापरायचं. त्या टाक्यातलं पाणी गाडीला घालावं म्हणून वजदी बापाशी भांडायचा.

ठोकळ्याच्या बाजूला पाच बुचं ओळीनं. पहिली तीन वजदीनं बदलली होती, पितळी, नवी. शेवटची दोन जुनीच होती, गंजून पापडासारखी झालेली. त्यांच्या जागी बसवायची बुचं त्याच्या हत्यारांच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली सापडली.

"मधोमध मारू नकोस, आत पडेल," मी म्हणालो. "छिन्नी एका कडेला टेकव. ती कड आत गेली की दुसरी बाहेर येते. मग पक्कड लावायची."

तिनं हातोडी टेकवली.

"कणीक मळतेयस का? मार!"

"शाळेत पण असंच बोलायचात?"

"याहून वाईट. तुझ्या लेकाला मी गाढव म्हणायचो."

"ठाऊक आहे. घरी येऊन सांगायचा. आज उस्तांनी मला दोनदा गाढव म्हटलं, दुसऱ्या कुणाला एकदासुद्धा नाही." ती हसली, आणि त्याच हसण्यात तिनं असा घाव घातला की बूच भोकात नाण्यासारखं उभं राहिलं. पकडीनं ओढून काढलं. मागोमाग तांबडा चिखल गळायला लागला. तो तिनं कॉफीच्या चमच्यानं खरवडून काढला, भोकाची कड काचपेपरनं घासून चकचकीत केली, गळती रोखणारं चिकट शेलॅक लावलं.

"आता बुचाच्या वाटीत बसेल अशी लोखंडी गोटी धर आणि हळू ठोक. कड सगळीकडून सारखी आत गेली पाहिजे. दोन ठोके मारायचे, थांबायचं, बघायचं. इथे घाईचं काम नाही."

दोन ठोके, थांबणं. दोन ठोके, थांबणं. दोन दिवसांत तिनं दोन्ही बुचं बसवली. माझ्या चांगल्या पोरांनीसुद्धा पहिल्या खेपेला इतकी सरळ बसवली नव्हती. मग वजदीनं सोडवून ठेवलेला धुराचा नळ परत जोडला, जुनं पेट्रोल काढलं, इंजिन हातानं फिरवून पाहिलं. माझ्या घरची बॅटरी जोडली.

गुरुवारी दुपारी तिनं टाक्यातून बादली ओढली आणि पिण्याचं पाणी गाडीत ओतलं. मनौवर दारात उभा राहून बघत होता.

आम्ही वाट पाहिली. तिची दोन्ही बुचं कोरडी राहिली. वजदीची पहिली दोनही. तिसऱ्याच्या कडेला एक थेंब जमला, पडला. पुन्हा जमला.

मी वाकून पाहिलं. तिसरं बूच तिरकं बसलं होतं. एक कड आत, एक बाहेर.

"हे त्यानं असं कसं बसवलं?" मी म्हणालो. "बाकीची बघ, कशी सरळ आहेत."

नझीहानं तो थेंब फडक्यानं टिपला.

"त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते," ती म्हणाली. "हातोडी वाजत होती. तुम्ही शिकवलंत तशीच, दोन ठोके, थांबणं. मग फोन वाजला. त्यानंतर हातोडी भराभर वाजली. मला वाटलं, भूक लागली असेल, उरकतोय. आला, हात धुतले, उभ्या उभ्या तेलात पाव बुडवून खाल्ला. म्हणाला, चहाला जातो. प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी टाकलं की तो परत येतो, असं आई सांगायची. पण उस्ता, चहाला जाणाऱ्याच्या मागे कुणी पाणी टाकतं का?"

तिनं पुन्हा बुचाकडे पाहिलं.

"वरून काही लावून भागेल?"

"नाही, पोरी. तापलं की सुटणार. काढावंच लागेल."

"आणि पुन्हा तेच, सरळ करून?"

"काढताना ते वाकतं. परत बसत नाही."

तिनं बोटानं ती तिरकी कड चाचपली. "मग राहू दे ते तसंच," ती म्हणाली. "त्याच्या हातचं शेवटचं आहे. नेऊ दे गाडी."

मी घरी आलो, पण येताना माझ्या डब्यातलं त्याच मापाचं एक बूच तिच्या पायरीवर ठेवून आलो.

शुक्रवारी सकाळी गेलो तर पाणी काढलेलं होतं आणि ती छिन्नी कडेला टेकवून बसली होती. मला आलेलं पाहिल्यावर तिनं डोळे मिटून घाव घातला. घाव बरोबर बसला. वाकलेलं बूच तिनं फडक्यानं पुसलं, ओढणीच्या टोकात बांधलं. मग नवं बसवलं. दोन ठोके, थांबणं.

पुन्हा टाक्याचं पाणी भरलं. नझीहा गाडीत बसली, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, निळा धूर सोडला, पुन्हा खोकलं आणि धरलं. तिनं पायानं थोडा जोर दिला तशी ती जुनी, घशातून आल्यासारखी घरघर अंगणभर झाली.

घरात काहीतरी पडून फुटलं. मनौवर अनवाणी बाहेर धावला. रात्रपाळीची झोप डोळ्यांवर तशीच होती.

"वजदी! आलास? आलास का रे?"

खिडकीपाशी येऊन त्यानं आत पाहिलं. नझीहानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मी आहे," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "हो. तूच." हात टपावर ठेवून तो उभा राहिला. "तो असाच जोर द्यायचा. मी ओरडायचो, पेट्रोल काय तुझा बाप भरतो का." मग म्हणाला, "जिंकलीस. राहू दे गाडी." आणि आत गेला. त्या दिवशी तो नमाजालाही गेला नाही.

नमाजानंतर बुराउई दोरखंड घेऊन आला. नझीहा उठली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"नझीहा, अगं चालू झालीय ती!" मी म्हणालो. "तुझी आहे आता."

"उस्ता, तुम्ही त्यांचं तोंड पाहिलंत ना?" ती हळूच म्हणाली. "मी रोज चालू करीन, आणि ते रोज असे धावत येतील."

बुराउईनं किल्ली फिरवली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "खाला, ही मी तोडायची नाही! माझा मेहुणा हिच्यातून ऑलिव्ह वाहील."

"विहिरीचं पाणी घालू नको म्हणावं त्याला," ती म्हणाली. "पावसाचंच घाल म्हणावं."

गाडी फाटकातून बाहेर पडली. गाडी उभी होती तिथली माती कोरडी होती. नझीहानं अंगणातली बादली उचलली. टाक्याचं पाणी अर्धं उरलं होतं. ती रस्त्यावर गेली आणि वळणाकडे जाणाऱ्या गाडीच्या मागे तिनं ते सगळं फेकलं.

गाडी वळली. आवाज थोडा वेळ आला, मग आला नाही. पाणी धुळीत जिरलं. बादली रिकामी झाली, तरी ती तशीच उलटी धरून उभी होती.