धाबळीत गुंडाळलेला फोन

रविवारी सकाळी साडेदहाला यज्ञेश्वर गुरुजींचा फोन तव्यावरच्या भाकरीसारखा तापला आणि विझला.

गुरुजींच्या लेकीने, विद्युल्लतेने, बटण दाबदाबून बघितलं; फोन ढिम्म. एक वाजता गंगेच्या भोसले घाटावर नागपूरच्या शरदिनीकाकूंच्या मिस्टरांचं वर्षश्राद्ध होतं. काकूंचे गुडघे पार गेलेले, म्हणून त्या घरबसल्या व्हिडिओ कॉलवर सगळं बघणार होत्या. घरात दुसरा फोन म्हणाल तर नंदाआत्याचा, तोही बटणांचा! आणि गेल्याच आठवड्यात, विज्ञान प्रदर्शनाच्या बक्षिसातून, बाबांना फास्ट चार्जर आणून दिला होता कुणी? विद्युल्लतेने. ‘अर्ध्या तासात फुल, बाबा!’ अशी बढाईही तिनेच मारली होती.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” आत्या सोवळ्यातूनच कडाडली. “घासामागून घास कोंबला की माणूसही आडवा होतो. जुना चार्जर काय चावत होता?”

बाबांनी जुना चार्जर शोधायला फडताळ उघडलं. तेच जास्त लागलं. फोन बिघडला तर बिघडला, पण बाबा पुन्हा कधी तिचं ऐकणार नाहीत, या विचाराने विद्युल्लतेला रडूच फुटणार होतं. रडण्याऐवजी तिने फोन उचलला आणि पळाली. संकठा घाटाच्या पायऱ्या, दोन गल्ल्या, वाटेत बसलेला एक सांड, आणि मुकुलभैयाचं मोबाईलचं दुकान.

“भैया, मैंने मार डाला!”

“किसको?”

“फोन को! फास्ट चार्जर से!”

“तो रोती काहे हो, मणिकर्णिका का मसान बगल में ही है,” मुकुल हसला. त्याने फोन पंख्यासमोर ठेवला आणि चहा संपवला. दहा मिनिटं तिला दहा तासांसारखी गेली. मग त्याने बटण दाबलं, आणि फोन मुकाट्याने उठून बसला की!

मुकुलने सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत काढून दाखवली. त्र्याण्णव टक्के.

“दो साल के फोन की इतनी अच्छी! चार्जर बेकसूर है, बहिनी. जल्दी चार्ज में गर्मी थोड़ी ज़्यादा होती है, पर फोन खुद संभालता है, भरने को आए तो धीमा कर देता है. असली दुश्मन गर्मी है. चार्ज में रखते कहाँ हो?”

विद्युल्लतेने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. धाबळी!

बाबा सकाळी सोवळ्यात असतात. पूजेच्या मध्येच कुणा यजमानाचा फोन आला तर हातात घेता यावा, म्हणून फोन लोकरीच्या धाबळीत गुंडाळून देवघराच्या कोनाड्यात चार्जिंगला. लोकरीला विटाळ नाही ना! जुना चार्जर मंद होता, म्हणून ते खपून गेलं. नव्याने मात्र बिचाऱ्याला दुहेरी घोंगडी पांघरून उन्हात बसवलं होतं.

ती उड्या मारत घरी आली. आठवड्यापूर्वीची विद्युल्लता असती तर दारातूनच ओरडली असती, ‘चूक तुमची होती!’ आजची बाबांसमोर शांत उभी राहिली.

“बाबा, चार्जर ठीक आहे. फोनला धाबळीत घाम फुटतो. तांबं चालतं ना सोवळ्याला? मग कोरड्या ताम्हनात उघडा ठेवू. ताप झटकन निघून जाईल.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग देवघराकडे. “तांबं चालतं,” ते म्हणाले. “आणि हे मला साठ वर्षांत सुचलं नाही.” जुना चार्जर फडताळात परत गेला.

दुपारी एकला विद्युल्लता घाटाच्या सावलीत फोन धरून उभी राहिली. पिंड गंगेत सोडले तेव्हा पलीकडून काकूंचा ओला आवाज आला, “गुरुजी, अगदी माझ्या हातानं सोडल्यासारखं वाटलं हो.” कॉल संपला तेव्हा बॅटरी एकसष्टवर होती, आणि फोन हाताला जेमतेम कोमट.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी स्वतःच ताम्हन पुसलं, फोन ठेवला, नवा चार्जर लावला.

“आता त्याला गंधफूलही वाहा,” आत्या पुटपुटली.

“वाहा की आत्या,” विद्युल्लता दप्तर पाठीला मारत म्हणाली, “फक्त आंघोळ घालू नका म्हणजे झालं!”

देवघरातून बाबांचं हसू ऐकू आलं. सोवळ्यात ते कधी हसत नसत.